साहेबाला झोप लागली ती सडक

आमच्या गावात अक्कल नव्हती असं कुणी म्हणू नये. भरपूर होती, फक्त ती सगळी चावडीवर बसून पान खायची. रानात, ओढ्यावर, सडकेवर तिला कुणी कधी उतरलेलं पाहिलं नाही.

बीडहून गेवराईकडे जाणारी सरकारी सडक आमच्या शिवेतून जात होती. आमची जमीन काळी. पावसाळ्यात तिच्यात पाय घातला की वहाण मागे राहायची. ओढ्याच्या उताराला तर गाडी आखापर्यंत रुतायची आणि मग आजूबाजूच्या रानातली माणसं हातातलं काम टाकून चाकाला खांदा द्यायला धावायची. पाऊस सरला की निजाम सरकारच्या अंमलदारांचे दौरे सुरू व्हायचे. दौरा येणार म्हटलं की येसकर दवंडी पिटायचा, घरटी एक माणूस आणि असेल ती बैलजोडी घेऊन सडकेवर हजर व्हा. टेकडीचा मुरूम खणून आणायचा, खड्ड्यात भरायचा, पाणी मारायचं, दुरमुसानं चोपायचा. मजुरी नाही. भाकरीही घरची. हीच वेठ. पाटील, देशमुख आणि पटवारी यांच्या घरांना ती लागू नव्हती, कारण गावाची अब्रू सांभाळण्याचं अवघड काम त्यांच्याकडे होतं. महारवाड्याला वेठ बारमाही होती, आणि त्यांना कुणी दवंडी ऐकवण्याचीही तसदी घ्यायचं नाही, सरळ हाक मारून उठवायचे.

आता या वेठीत आमचं दुखणं काय, ते सांगतो. आमच्याकडे खरी ज्वारी रब्बीची. हस्ताचा पाऊस पडून गेला, दोन उन्हं लागली की जमिनीला वाफसा येतो. माती मुठीत दाबली तर गोळा होतो आणि सोडली तर फुटते, अशी ती वेळ. तेवढ्या दिवसांत तिफण चालली तर वर्षाची भाकरी ठरली. ओल उडाली की मग पेरा नाहीतर मातीत मुठी उधळा, सारखंच. आणि दौरे नेमके त्याच दिवसांत. ज्यांच्या गोठ्यात दोन-तीन जोड्या होत्या ते एक जोडी सडकेवर धाडून दुसरी तिफणीला जुंपायचे. आमची एकच जोडी होती. दरवर्षी आमचे बैल सरकारच्या सडकेवर मुरूम वाहायचे आणि आमचं रान उन्हात तडकत बसायचं. शेजाऱ्याची ज्वारी कमरेला लागायची तेव्हा आमची गुडघ्याशी घुटमळत असायची. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, आणि बायको माहेराहून भरल्या कणगीच्या घरातून आली होती. ती तोंडानं काही बोलायची नाही, पण पीठ चाळताना चाळणी जरा जास्तच जोरात आपटायची.

अशात एक दिवस तहसिलीतून कारकून आला आणि चावडीवर जाहीरनामा वाचला. तामिरात, म्हणजे सरकारचं बांधकाम खातं, या सडकेच्या देखभालीसाठी कायमचं ठाणं बांधणार होतं. तिथे अवजारांची कोठी, दगडी रूळ ठेवायला छप्पर, सरकारी बैलांचा गोठा आणि पगारी मजुरांच्या खोल्या होणार होत्या. ठाणं ज्या गावात होईल तिथली वेठ बंद, सडक ठाण्याची माणसं राखतील. आमच्या गावचं गायरान खात्याच्या नजरेत होतं. गावानं जागा पाहून आपलं म्हणणं द्यावं, कुणाचा उजर, म्हणजे हरकत, असेल तर बोलून दाखवावा, मग बडे साहेब स्वतः येऊन मुआयना, म्हणजे पाहणी, करतील आणि हुकूम देतील.

मी चावडीच्या खालच्या पायरीवर बसलो होतो. वेठ बंद हे शब्द ऐकले आणि माझ्या डोळ्यापुढे आमचे बैल तिफणीला जुंपलेले उभे राहिले. शेजारी माझा बा बसला होता. त्याला कोपरानं ढोसलं तर म्हणाला, "बघू. मोठ्यांचं होऊ दे आधी."

मोठ्यांचं सुरू झालं.

पहिला उजर देशमुखांचा. सरकारी बैल गावोगावचे, त्यांना लाळ्या-खुरकूत असणार, ते गायरानात बांधले तर गावची जनावरं मरतील. गावच्या जनावरांचा त्यांना एवढा कळवळा कधीपासून आला हे कुणी विचारलं नाही. गायरानाच्या अर्ध्या भागात देशमुखांच्या कडब्याच्या गंज्या कितीतरी वर्षं उभ्या होत्या, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. मग पटवारी उठला. गायरानाची हद्द नीट कायम झालेली नाही, म्हणाला. हद्द कायम करणं हे त्याचंच काम होतं आणि त्याचं खळंही गायरानातच होतं. पाटील म्हणाले, परगावचे मजूर येऊन राहतील, गावच्या लेकीसुनांनी पाण्याला कसं जायचं? हे ऐकून मला खोकल्याची उबळ आली. गावच्या लेकीसुनांना पाण्यावर कुणाचा त्रास होता, तर तो पाटलांच्या धाकट्या भावाचा.

शेवटी म्हातारा धनगर उभा राहिला. पावसाळ्यात सगळ्या गावाची मेंढरं तो गायरानातल्या उंचवट्यावर बसवायचा, कारण तेवढाच एक भाग चिखलाचा नव्हता. तो म्हणाला, "सरकार, ठान्याला आमचं न्हाई न्हाई. पर मेंढरं कुठं बसवू तेवढं सांगा. वल्ल्यात बसली की खुरं सडत्यात." खरा उजर होता तो त्याचा एकट्याचा, म्हणून तो कुणी ऐकला नाही. पाटील म्हणाले, "बस बे खाली, हितं सरकारी काम चाललंय."

मग दुसऱ्या जागा पाहायला सगळी वरात शिवारात निघाली. पुढे कारकून, मागे पाटील, देशमुख, पटवारी, आणि त्यांच्या मागे आम्ही, ज्यांचं काही विचारलं जाणार नव्हतं ते. ओढ्याकाठी गेलो, तर तिथे पाटलांच्या मळ्याची वाट. मसणवट्याच्या अलीकडे गेलो, तर तिथून देशमुखांच्या विहिरीला वाऱ्यानं धूळ येणार. टेकडीच्या पायथ्याशी जागा ऐसपैस होती आणि कुणाची नव्हती. तेव्हा पटवाऱ्याला आठवलं की तिथे म्हसोबाचा शेंदरी दगड आहे, देवापुढे लोखंड वाजवणं बरं नाही. त्या म्हसोबाला पटवाऱ्यानं उभ्या जन्मात नारळ फोडला नव्हता. ठाणं सगळ्यांना हवं होतं, फक्त ते दुसऱ्याच्या बाजूला हवं होतं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे तर नाचायला कुणी उठायलाच तयार नव्हतं आणि अंगणं मात्र एकेक करून नापसंत होत होती.

कारकून घामाघूम झाला. बाभळीखाली बसून त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "मग मी असं कळवतो की तुमच्या गावाला नको. शेजारचं गाव केव्हाचं मागे लागलंय."

त्या एका वाक्यानं जी जादू केली ती गावातल्या कुठल्या देवानं कधी केली नव्हती. शेजारच्या गावाला! ज्या गावाशी पोळ्याला बैल आधी कुणाचे मिरवायचे यावरून डोकी फुटली होती, ज्या गावाची सोयरीक आमचे मोठे नाक मुरडून घ्यायचे, त्या गावात सरकारी ठाणं? देशमुख म्हणाले, गंज्या काय, आजच हलवतो. पटवाऱ्याला हद्द जागच्या जागी सापडली. पाटलांनी तर सांगून टाकलं की परगावचे मजूर म्हणजे आपले पाहुणेच, गावच्या लेकीसुना त्यांना बहिणीसारख्या. लाळ्या-खुरकूत हवेत विरली आणि म्हसोबा आपल्या जागी निवांत राहिला. मेंढरांचं काय, हे म्हातारा धनगर पुन्हा विचारायला लागला होता, पण तोवर सगळे चहाला पाटलाच्या ओसरीवर निघाले होते.

मला त्याचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मला दुसऱ्या कुणाचंच फार ऐकू येत नव्हतं. घरी येऊन मी बायकोला म्हणालो, "पुढल्या साली वाफशाला आपली तिफण." कोपऱ्यातल्या खुंटीवरचं तिफणीचं चाडं, ज्यातून बी सोडतात ते, तिनं खाली काढलं आणि पदरानं पुसून ठेवलं.

आता राहिला होता फक्त साहेबाचा मुआयना. आणि इथे आमच्या गावानं आपली पिढीजात विद्या बाहेर काढली.

आमच्याकडे अंमलदार येणार म्हणजे गावाला नवरीसारखं सजवायचं, ही रीत. अंमलदार कशाला येतोय हे विचारायचं नाही. दुष्काळ पाहायला आला तरी वाटेवर सडे घालायचे आणि दारांना आंब्याचे टहाळे बांधायचे. एकदा पटकीची साथ पाहायला हकीम आला होता, तेव्हा त्याच्यापुढे पाटलांनी हलगी वाजवली होती. साहेबाच्या चाकाला आपल्या शिवेत दणका बसला तर सात पिढ्यांची अब्रू जाते, अशी आमची पक्की समजूत. तेव्हा साहेबाची तारीख कळताच येसकरानं दवंडी दिली, घरटी माणूस आणि बैलजोडी सडकेवर.

हस्त नुकता बरसून गेला होता. दोन उन्हं झाली होती. मी सकाळीच रानात जाऊन माती मुठीत दाबून पाहिली होती.

दवंडी ऐकून बायको चुलीपुढून उठली. बा ओसरीवर जू काढत होता. सासऱ्यापुढे ती कधी बोलायची नाही. त्या दिवशी दाराआडून, पदर पुढे ओढून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "मामंजी, सायेब सडकंचे खड्डे बघायला यायलाय ना? मग खड्डे कावून बुजवायलेत? रोग्याला नटवून वैद्यापुढं बसवत्यात व्हय?"

बाच्या हातातलं जू तसंच राहिलं. एवढ्या चावडीत, एवढ्या पागोट्यांत, हे एकाही डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

"बाईमानसाला त्यातलं काय कळतंय," बा म्हणाला. "उद्या सायबाचं चाक आपल्या उताराला फसलं तर नाव कुनाचं जाईल? आपलं. लई झालं, भाकरी बांध."

मी तसाच पाटलाकडे गेलो. ते मिशीला तूप लावत होते. मी म्हणालो, "पाटील, सडक हाय तशी ऱ्हाऊ द्या. सायबाला बघू द्या तिची दशा. त्याबिगर ठानं कसं मिळंल?"

पाटलांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गावाच्या वेशीला आग लावायची परवानगी मागायला आलोय. "अन् सायेब उलटला म्हंजे? आपल्या शिवंत? हे कुनी सुचवलं तुला?"

"घरच्यांनी," मी म्हणालो.

ते आणि ओसरीवर बसलेले दोघे-तिघे इतके हसले की पाटलाच्या मिशीवरचं तूप ओघळलं. "जा बे," पाटील म्हणाले, "बायकोची अक्कल चुलीपशी ठिव अन् बैल घिऊन ये."

मग काय, गेलो. चार दिवस सगळं गाव लागलं होतं. गाढवाला गुळाची चव काय म्हणतात, आमच्या लोकांना तर वाफसाही कळत होता आणि तो सोडून ते सडक चोपत होते. ओढ्याचा उतार बाच्या वाट्याला आला होता, सगळ्यात वाईट जागा. मी त्याला दोनदा म्हणालो, बा, जरा हात आखडता घे. पण बाला अर्धवट काम करता येत नसे, आणि त्यात आता साहेब येणार. त्यानं चिखल उपसून तळाला दगड रचले, वर मुरूम अंथरला, पाणी मारलं आणि स्वतः दुरमुस उचलून चोपला. रूळ फिरवल्यासारखा गुळगुळीत उतार झाला. मला त्याचा राग येत होता आणि त्याच्या हाताकडे पाहून अभिमानही वाटत होता, आणि अभिमान वाटतोय याचाही राग येत होता. चौथ्या दिवशी संध्याकाळी तो उताराच्या मध्यावर अनवाणी उभा राहिला, टाचेनं जमीन ठोकून पाहिली आणि खूश झाला. बैल मान खाली घालून उभे होते. आमच्या रानातली ओल त्याच वेळी उडत होती.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. वेशीवर टहाळ्यांची कमान, सडकेच्या दोन्ही अंगांना पांढरी माती मारलेले दगड, हलगी, पाटलांच्या डोक्याला नवं पागोटं. दूरवरून टांगा दिसला. उतारावरून तो असा आला की घोड्याच्या टापांखेरीज काही वाजलं नाही. कमानीपाशी थांबला तरी आतून कुणी उतरेना. साहेबांसोबत आलेल्या पेशकारानं, म्हणजे त्यांच्या चिटणिसानं, आत डोकावून हलकेच हाक मारली. साहेब गाढ झोपले होते.

उठले, डोळे चोळले, खाली उतरले. माणूस वाईट नव्हता, हेही सांगायला हवं. त्यांनी मागे वळून सडक पाहिली. चालत ओढ्यापर्यंत गेले, बाच्या उतारावर बुटाची टाच आपटली आणि म्हणाले, "सडक तो निहायत उम्दा है." मग पेशकाराला विचारलं, या ठिकाणी सडक खराब आहे असा अहवाल कुणी दिला? सबंध वाटेत मला झोप लागावी अशी हीच एक जागा आली. ही राखतो कोण?

पेशकारानं मराठीत विचारलं. आता तरी कुणी तोंड आवरावं! पण पाटील छाती फुगवून पुढे झाले. "गावच राखतंय हुजूर. पिढ्यान्‌पिढ्या. सरकारला तोशीस न्हाई."

देशमुखांनी मान डोलावली. पटवाऱ्यानं हात जोडले. मी ओरडणार होतो, पण माझ्या तोंडून आवाज फुटेपर्यंत साहेब हसून बोलून गेले होते, "फिर यहाँ थाने की क्या ज़रूरत?"

एवढ्यावर मुआयना संपला. साहेबांनी गायरानाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी पेशकाराला सांगितलं की ठाणं शेजारच्या गावाला द्या, तिथे माझं डोकं दोनदा टपाला आपटलं. आणि हा आपल्या शिवेतला तुकडा या गावाच्याच स्वाधीन कायम राहू द्या, इतकी चांगली देखभाल मोडायला नको. पाटलांना त्यांनी शेला दिला. मग विचारलं, उताराचं काम कुणाचं? लोकांनी बाला पुढे ढकललं. त्याच्या गुडघ्यापर्यंत मुरूम चिकटला होता. साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "शाबास."

पाटलांना काय घडलं हे कळायला दुसरा दिवस उजाडावा लागला. कळल्यावर ते म्हणाले, शेजारच्या गावानं साहेबाला फितवलं. चावडीला ते पटलं. तो शेला त्यांनी पुढे दर दसऱ्याला मिरवला, आणि म्हाताऱ्या धनगराला निदान मेंढरांची जागा परत मिळावी, तर तेही झालं नाही. हलवलेल्या गंज्या दोन दिवसांत दुपटीनं परत आल्या.

आम्ही पेरलं, पण ओल गेली होती. बायकोनं चाड्यावर मूठ धरली आणि बी सोडत राहिली. ज्वारी दातपडक्या तोंडासारखी विरळ उगवली. मला वाटलं होतं ती मला टाकून बोलेल, पाटलाच्या नावानं बोटं मोडेल. त्यातलं तिनं काहीच केलं नाही, फक्त पुढच्या साली चाडं पुसायला म्हणून खुंटीवरून काढलं नाही. त्या साली दवंडी फिरली तेव्हा बा सगळ्यांच्या आधी जू घेऊन निघाला होता. साहेबानं नावाजलेली जागा, ती दुसऱ्याच्या हाती द्यायला तो तयार नव्हता.

एकदा आम्ही तिघं गाडीतून गेवराईच्या बाजाराला निघालो होतो. वाटेत शेजारच्या गावात ठाणं लागलं. पत्र्याचं छप्पर, दगडी रूळ आडवा टेकलेला, सावलीत सरकारी बैल रवंथ करत बसलेले. पगारी मजूर खडी पसरत होते. त्यांच्या मागे त्या गावची ज्वारी उभी होती, सारख्या उंचीची, कणसाला आलेली.

बानं कासरा ओढला, सडकेवर पचकन थुंकला आणि म्हणाला, "बघितलं? ह्यांना सडक राखता येईना, म्हनून सरकारला यावं लागलं. आपल्या गावात यावं लागलं का?"

पाटलाला हसणं सोपं होतं, देशमुखालाही. त्यांना मी आजही हसतो. त्या दिवशी मात्र मला हसू आलं नाही. मागे बायको त्या ज्वारीकडे बघत होती. बा सडकेकडे बघत होता, आणि ज्वारी दिसू नये म्हणून त्यानं मान जरा जास्तच वळवली होती.